जलद्वार क्रमांक सत्तावन्न

माझा बाप गोनेरी, नांत-ब्रेस्त कालव्यावर
एकतीस वर्षं दार राखत होता.
वरचं पाणी, खालचं पाणी, मधे दगडी हौद;
एक दार नीट मिटल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही,
एवढंच त्याचं शास्त्र.
आणि नाव हौदात आली की
पुढचा दोर, मागचा दोर,
दोन्ही खुंट्यांना पडल्याशिवाय
झडपेच्या मुठीला तो हात लावत नसे.

एकदा एक डच कुटुंब तासभर ताटकळलं.
दाराच्या फटीत ओकची फांदी अडकली होती, मनगटाएवढी.
नावेतला माणूस घड्याळ दाखवत ओरडत होता,
त्याची बायको लाजून बटाटे सोलत होती.
बाबा आकडी घेऊन काठावर पालथा पडलेला,
मान वर न करता म्हणाला, "नाही."
फ्रेंचमध्ये, मग ब्रेतॉनमध्ये, मग नुसत्या हाताने.

मी रेनच्या इस्पितळात काचपट्ट्या रंगवते.
मेणात बुडवलेला मांसाचा कण,
त्याचे केसाहून बारीक काप, जांभळा रंग, गुलाबी रंग.
नवख्या मुलांना पेशी समजावताना बाबाच आठवतो:
दुप्पट होण्याआधी ती थांबते, आपली पोथी तपासते,
नक्कल करते, पुन्हा थांबते, वाचून बघते,
आणि दुभंगण्याच्या ऐन क्षणी
शेहेचाळीसच्या शेहेचाळीस जोड्यांना
दोन्हीकडून दोर लागलेत ना, हे बघते.
एक जरी सुटी असेल
तरी सगळं खोळंबतं.

राखणदार म्हणून एक प्रथिन असतं, पी-त्रेपन्न.
(आमचं दार सत्तावन्नावं. चार दारांनी हुकलं;
कवितेसाठीसुद्धा मी आकडा बदलणार नाही.)
पोथी फाटलेली दिसली की ते म्हणतं, थांब, शिवून घे.
शिवता येत नसेल
तर म्हणतं, मग तू मिट.
आणि पेशी मिटते, मुकाट्याने, शेजारणीला न जागवता.
अशा रोजच्या बिनबोभाट मरणांवर
आपलं जगणं चाललेलं असतं.

मार्चमध्ये बाबाच्या फुफ्फुसातला तुकडा आला.
नियमाप्रमाणे मी त्याला हात लावायचा नव्हता.
सोलेनने रंगवला, मी तिच्या खांद्यावरून पाहिला.
तपकिरी ठिपके, दहातले आठ,
सगळे दुभंगण्याच्या घाईत.
एक पेशी तीन दिशांना ओढली जात होती,
तीन नावाड्यांनी एकच नाव ओढावी तशी.
दोर कुठेच न बांधलेले, दार सताड.
शत्रूचं तोंड शोधत होते मी.
दिसली ती पहाऱ्याची मोकळी खुर्ची.
चाळीस वर्षांच्या धुराने एकेक अक्षर पुसलं,
शेवटी राखणदाराचंच पान.

त्याला सांगितलं तेव्हा त्याने एवढंच विचारलं,
"पाळीवर कोण होतं?"
होता एक, मी म्हटलं. एक अक्षर चुकलं आणि हात चालेनात.
"आणि दुसरा?"
प्रत्येक पेशीत पानाच्या दोन प्रती असतात
हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.
"तोही गेला, बाबा."
बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
"पगार वेळेवर देत नसतील."

आता दर तीन आठवड्यांनी औषध चढतं.
ते सरसकट सगळी दारं बंद करतं,
केसांची, आतड्याच्या अस्तराची, जिभेवरच्या चवीची,
ज्यांनी काही केलं नाही त्यांचीही.
बाबा म्हणतो, हे तर हिवाळ्यात कालवा रिकामा करण्यासारखं.
जानेवारीत पाणी सोडून देत,
तळाशी सायकली, बाटल्या, एकदा शिवणयंत्र,
आणि तो मांडीभर चिखलात
बिजागऱ्यांना ग्रीस लावत असे.

काल घ्यायला गेले
तर इस्पितळाच्या काचेच्या दारापाशी उभा.
माणूस आला, उघडलं. चाकाची खुर्ची आली, उघडलं.
मग कुणीच नाही, वाऱ्यावर एक रिकामी पिशवी आली,
तरी उघडलं.
"कुणालाही?" त्याने मला विचारलं.
गाडी लावली होती तिथे थांबायला मनाई होती.
तरी आम्ही थांबलो.
तो मोजत होता.